खालून आलेली आग

चैत्रातल्या एका रविवारी, भर दुपारी बारकी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तेव्हा तिला खाली गिरजाच्या शेतातून धूर वर येताना दिसला. राब भाजत असतील, असं आधी तिला वाटलं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, टहाळ, पेंढा पसरून पेटवायचा, हे धसईच्या आसपास सगळीकडे याच दिवसांत चालतं. पण राब संध्याकाळी भाजतात, वारा पडल्यावर. आता वारा सरळ डोंगराकडे सुटला होता. पाटी तिथंच टाकून बारकी उतारावरून धावत सुटली.

गिरजाचं शेत डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि बारकीची ठाकरवाडी त्याच डोंगराच्या सोंडेवर. गिरजा लग्न होऊन आली त्याच पावसाळ्यात बारकी पहिल्यांदा तिच्याकडे आवणीला, भाताची रोपं लावायला, गेली होती. दोघी एका वयाच्या. पुढं प्रज्वल झाला आणि तो दोन महिन्यांचा असताना गिरजा विषमज्वरानं मुरबाडच्या दवाखान्यात पडली. पोर वरच्या दुधाला तोंड लावीना. बारकीची दिपिका तेव्हा अंगावर पीत होती. गिरजाच्या सासूनं नाक मुरडलं, पण पोराचं रडणं ऐकवेना तेव्हा तिनंच बारकीला बोलावून घेतलं. गिरजा बरी होऊन परत येईपर्यंत प्रज्वल बारकीच्या दुधावर राहिला. पुढं गिरजा कुणालाही सांगायची, "याला दोन आया आहेत." पोर बारकीला बारकीमाय म्हणायचं.

तोच प्रज्वल आता बांधावर पाण्याची बादली घेऊन उभा होता. आग बांध ओलांडून वाळल्या गवतात शिरली होती.

"पेटवलं तेव्हा वारा नव्हता, बारकीमाय," तो म्हणाला. आसनगावला तो एका गोदामात कामाला होता, तिथंच खोली घेऊन राहायचा. संध्याकाळच्या आत परत पोचायचं म्हणून त्यानं दुपारीच राबाला काडी लावली होती.

"बादली ठेव. फांद्या तोड, हिरव्या," बारकी म्हणाली.

गिरजा आणि तिचा नवरा देवराम धावत आले. चौघं ऐनाच्या फांद्यांनी जाळ झोडपत वर सरकत राहिली. वरून वाडीची माणसंही उतरली. पण आग माणसांपेक्षा जोरात चढत होती. मोहांखालचा पाचोळा पेटला, मग खोडं. वाडीच्या कडेला बारकीचा नवरा शाम यानं कुडाचा गोठा बांधला होता. त्याच्या माळ्यावरचा पेंढा एकदम भडकला. बारकीनं आत शिरून दोन्ही बैलांची दावी सोडली. तेवढ्यात वरून जळता वासा सुटला आणि तिच्या उजव्या हातावर पडला.

ऊन कलता कलता आग कोरड्या ओढ्यापाशी येऊन थांबली. गिरजानं आपल्या पदराची पट्टी फाडून बारकीचा हात बांधला. गिरजाचं स्वतःचं तोंड काळं झालं होतं, पापण्या जळल्या होत्या.

"तू होतीस म्हणून गो," ती म्हणाली. "नायतर आज काय झालं असतं."

दुसऱ्या दिवशी वाडीत धूर बसून होता. बुंधे आतून धुमसत होते. दिपिका बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला एकेक श्वास ओढून घ्यावा लागत होता. शामनं तिला रिक्षात घालून धसईला तिच्या मावसबहिणीकडे पोचवलं. बारकीचा हात सुजून टम्म झाला होता. गिरजा विचारायला येईल असं तिला दिवसभर वाटत राहिलं. गिरजा आली नाही. तीही दमली असेल, बारकीनं स्वतःला समजावलं.

त्याच्या पुढच्या दिवशी निरोप आला. फॉरेस्टचा गार्ड देवरामच्या अंगणात बसलाय, वाडीच्या माणसांना बोलावलंय. बारकी, शाम आणि वाडीतला जाणता म्हातारा नवसू असे तिघं खाली गेले. गार्डसमोर चहा ठेवला होता. गिरजा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. प्रज्वल अजून आसनगावला गेला नव्हता. तो ओटीच्या कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"आग कुठून लागली?" गार्डनं विचारलं.

देवरामनं गिरजाकडे पाहिलं.

"वरून," गिरजा म्हणाली. "मोहाखालचा पाला जाळतात ना हे लोक, फुलं वेचायला सोपं पडावं म्हणून. तिथून पसरली."

बारकीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. वाडीनं मोहाखाली काडी लावणं कधीच सोडलं होतं. बाया खराट्यानं पाला लोटून काढत. गिरजाला हे ठाऊक होतं. कितीदा ती स्वतः बारकीसोबत तिथं येऊन बसली होती.

"काय बोलतेस तू, गिरजाबाय?" बारकी म्हणाली.

गिरजा गार्डकडेच बघत राहिली.

"आग खालून आली, साहेब," बारकी म्हणाली. "यांच्या राबातून. याला विचारा." तिनं बांधलेला हात प्रज्वलकडे केला.

प्रज्वलनं मान वर केली नाही.

"राब आमी आदल्या दिशीच भाजलेला," देवराम हळूच म्हणाला. "सांजचा. वारा नव्हता."

राबाची राख राबात होतीच, ती कधीची ते कुणी सांगावं? गार्डनं नवसूला विचारलं. म्हातारा टोपी हातात फिरवत राहिला. त्याच्या दोन्ही सुना देवरामच्या शेतावर मजुरीला होत्या.

"मी उशिरा आलो. माझ्या डोळ्यांनी काय बघलं नाय," तो म्हणाला.

शाम आणि बारकीला वनखात्याच्या हापिसात नेलं. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, तेच तेच विचारलं आणि संध्याकाळी ताकीद देऊन सोडलं. पण डोंगरावरच्या रानात वाडीनं यंदा पाय ठेवायचा नाही, असा हुकूम निघाला. जे मोह जळाले नव्हते त्यांची फुलंही तिथंच सडली. वाडीतल्या बाया बारकीसमोर गप्प असत. एकदा मागून तिनं ऐकलं, "हिलाच त्यांचा पुळका होता."

पंधरवडा गेल्यावर गिरजा वर आली. तांदळाचं गाठोडं आणि भाजल्यावर लावायची मलमाची ट्यूब तिनं ओट्यावर ठेवली. बारकी उठली नाही.

"राग आला असंल," गिरजा म्हणाली.

"तू खोटं का बोललीस, तेवढं सांग."

गिरजा खाली बसली. "प्रज्वल पोलीस भरतीत पास झालाय गो. आता पडताळणी चालू आहे. त्याच्या नावावर केस लागली तर संपलं सगळं. तुमाला काय, एक दिवस बसवलं आणि सोडलं. त्याचा जन्म गेला असता."

"आमाला काय," बारकी म्हणाली.

"तसं नाय म्हणत मी."

"तसंच म्हणलीस."

गिरजाचे डोळे भरले. ती पुढं सरकली आणि बारकीच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तो काय एकट्या माझा आहे? तुझंच दूध प्यालाय ना? आईनं लेकरासाठी एवढं सोसू नये का?"

त्या दिवशी गार्डसमोर गिरजा जे बोलली त्यानं बारकी दुखावली होती. पण आता आतून काहीतरी थंड पडलं. एवढी वर्षं गिरजा ज्या गोष्टीचं कौतुक करत होती, तीच तिनं आज बारकीच्या गळ्यात अडकवली होती.

"तू वर येऊन मला आधी सांगितलं असतंस," बारकी म्हणाली, "तर मी गप बसले असते कदाचित. त्याच्यासाठी. तू विचारलं नायस. माझ्या तोंडावर सगळं आमच्यावर ढकललंस." तिनं गिरजाचा हात गुडघ्यावरून काढला. "आता उतर खाली. ऊन चढायच्या आत."

तांदूळ शामनं आत नेऊन ठेवला. घरात नव्हता, आणि बारकी त्याला नको म्हणाली नाही.

आवणीच्या दिवसांत देवरामचा निरोप आला. नवसूच्या सुना गेल्या. आणखी चार बायाही गेल्या. बारकी पहाटे उठून टोकावड्याकडे दुसऱ्याच्या शेतावर जाऊ लागली. उजव्या हाताची बोटं पुरती वळत नव्हती, म्हणून ती डाव्या हातानं रोप लावायला शिकली. सुरुवातीला ओळ वाकडी जायची. तिथल्या बाया हसायच्या आणि तीही हसायची.

गणपतीत प्रज्वल घरी आला. नोकरी लागली होती, केस बारीक कापलेले, नवी मोटारसायकल. धसईहून चालत येणारी बारकी त्याला चढणीवर दिसली, तेव्हा त्यानं गाडी थांबवली.

"बस ना, बारकीमाय. वाडीपर्यंत सोडतो."

"त्या दिशी तू का नाय बोललास?"

त्यानं गाडी बंद केली. "आई म्हणाली, गप रहा."

"आणि आता?"

त्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं. "आता बोलून काय होणार, माय? झालं ते झालं. तुमचं फार काही वाकडं तर झालं नाय."

बारकीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा गिरजाचा होता, लहानपणी होता त्याहून जास्तच. मग ती चढण चढू लागली. मागं गाडी थोडा वेळ तशीच उभी होती. मग ती चालू झाल्याचा आवाज आला आणि गावाकडे उतरत गेला.