पडद्यातली नाणी

पडदा सरळ पडायचा तर खालच्या दुमडीत वजन हवं. आमच्या दुकानात हे वजन म्हणजे जुनं मोठं नाणं. माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या ताई, यांनी बावीस वर्षांपूर्वी शोध लावला की बाजारातलं शिशाचं वजन नाण्याच्या दुप्पट भावाला पडतं. तेव्हापासून गावभर आमचे पडदे पोटात पैसे घेऊन लोंबतायत.

ताईंची पद्धत अशी, की शेजारच्या कुलूपवाल्याकडून ड्रिल आणायचं, नाण्याला दोन भोकं पाडायची आणि बटणासारखे टाके घालून ते पक्कं करायचं. मला त्या ड्रिलची धडकी भरते. मी आपली दुमडीत छोटा खिसा शिवायची आणि नाणं त्यात सोडून द्यायची. या खिशांवरून मी बावीस वर्षं बोलणी खाल्ली. कामचुकार काय, माहेरी कुणी शिकवलं नाही काय! मीही गप्प बसणाऱ्यातली नाही, पण ड्रिल हातात घेतलं नाही ते नाहीच.

यंदा ताईंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टरांनी पायाचं मशीन बंद करायला सांगितलं. ताई म्हणाल्या, हातातलं काम संपवते आणि धाकट्या भावाकडे दुसऱ्या गावी जाऊन राहते. मला रडूच आलं. नवऱ्याशी अबोला धरून मी आठवडा काढू शकते, ताईंशी भांडल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही. मोटरवर चालणारं एक जुनं मशीन मी बघून ठेवलं होतं, ताईंना दाखवलंही होतं. त्यावर बसल्या तर त्या राहतील, असं मला वाटत होतं. साठवलेल्या पैशांत निम्मं भागत होतं, उरलेल्याचं काय करावं ते सुचेना.

तेवढ्यात जाहीर झालं, की ते मोठं नाणं बाद. शुक्रवारपर्यंत बँकेत बदलून मिळेल, नंतर नाही. मी ताईंकडे पाहिलं, ताईंनी खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं.

मग चार दिवस आम्ही शिडी, कात्री आणि लोखंडी वायसरांची पिशवी घेऊन घरोघर हिंडलो. नाणं काढायचं, वायसर घालायचा, दुमड फुकट शिवून द्यायची, यावर सगळे राजी झाले. दातांच्या डॉक्टरांनी तर पेशंटला आ वासलेल्या अवस्थेत तसंच ठेवून माझी शिडी धरली. फोटोवाल्याच्या काळ्या पडद्यातून एकोणीस नाणी निघाली आणि त्याने प्रत्येक नाण्याला टाळी वाजवली. ताईंना शिडी चढवत नव्हती, म्हणून त्या खालून हुकूम सोडत होत्या. इतकी मी स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते. मात्र त्यांची नाणी एका थैलीत आणि माझी दुसरीत, सरमिसळ त्यांना चालत नव्हती. कुणी जास्त काम केलंय ते दिसायला नको?

शुक्रवारी दोन्ही थैल्या बँकेच्या काउंटरवर ठेवल्या. कारकुनाने ताईंच्या थैलीतलं एक नाणं उचलून उजेडासमोर धरलं.

"भोकाचं नाणं चालत नाही," तो म्हणाला.

बावीस वर्षं आमच्या लेखी ते वजनच होतं. पैशाला भोक पाडतोय, हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. थैलीच्या तळापर्यंत एकही धड नाणं निघालं नाही. ताईंचा चेहरा खर्रकन उतरला आणि त्या जवळच्या बाकावर बसल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

मग त्याने माझी थैली उपडी केली. एकूण एक नाणं धड. त्याने ती यंत्रात घातली, कागदावर माझी सही घेतली आणि नोटा पुढे सरकवल्या. मशीन येत होतं, वर ते आणायचं गाडीभाडंही सुटत होतं.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. आता तरी खिशांचं कौतुक होईल म्हणून मी वाट पाहत उभी होते, पण कौतुक त्यांच्या स्वभावातच नाही. कारकुनाने भोकांची थैली बाजूला सारली आणि ही भंगारात टाकू का, असं विचारलं. ताई गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"इकडे द्या ती," त्या म्हणाल्या. "भोकं पाडून तयार आहेत. पुढच्या पडद्यांना लागतील."

पुढच्या पडद्यांना! सगळ्या रांगेदेखत मी त्यांना मिठी मारली.

"अगं, आधी नोटा आत ठेव," त्या म्हणाल्या, पण मिठी काही सोडवून घेतली नाही.