घड्याळजींच्या हाताखालची जीप

हो हो, मीच बोलतेय, दारात तिरकी उभी असलेली हिरवी जीप. लांबून काय बघताय, जवळ या. रंग उडालाय, मागचा एक दिवा फुटलाय, सगळं कबूल. पण गेल्या गुरुवारी मी काय केलं ते ऐकलंत, तर तोंडात बोटं घालाल.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी अशी चकचकीत होते की माझ्या बॉनेटमध्ये बघून लोक भांग पाडायचे. माझे पहिले मालक लाकडाचे ठेकेदार. त्यांनी मला असं राबवलं की विचारू नका. दुसरे मालक एक मास्तर. ते मला रोज पुसायचे आणि वर्षातून दोनदा चालवायचे. एकाने झिजवलं, दुसऱ्याने गंजवलं. मग मी डॉक्टरीणबाईंच्या हाती आले आणि माझं नशीब उघडलं.

बाई जनावरांच्या डॉक्टर. दर गुरुवारी आम्ही दोघी पठारावर जायचो. तिथं जायला एकच घाट, अकरा वळणांचा, नुसता दगडगोट्यांचा. गुळगुळीत नव्या गाड्या चौथ्या वळणावरून मुकाट्याने परत फिरतात. मी मात्र खोकत, कण्हत, शिव्या देत का होईना, वर पोचायचेच. मागे औषधांची पेटी, दोर, कधी एखादं आजारी वासरू. वीस वर्षं हा नेम चुकला नाही.

बाईंचे यजमान घड्याळजी. रस्त्याकडेच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. हल्ली घड्याळ दुरुस्तीला आणतंय कोण? गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं आणि तेव्हापासून ते खिडकीशी बसून टेबलावरचं एकच घड्याळ उघडायचे, पुसायचे, परत मिटायचे. मला दारातून सगळं दिसायचं आणि जीव तुटायचा.

अशात पंधरा दिवसांपूर्वीचा तो गुरुवार आला. सातव्या वळणावर माझा तापमानाचा काटा तांबड्यात गेला, मागून पांढराशुभ्र धूर सुटला आणि मी जागच्या जागी बसले. ट्रॅक्टरला बांधून मला घरी आणलं. अख्ख्या बाजाराने बघितलं हो! एवढी लाज जन्मात वाटली नव्हती.

बाईंच्या धाकट्या भावाचं मोठं गॅरेज आहे. त्याने तेलाचं झाकण काढलं, बोट बुडवलं. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"ताई, हेडचं पॅकिंग गेलंय. पाणी तेलात शिरतंय. या म्हातारीला आता हात लावण्यात अर्थ नाही. पुढच्या शुक्रवारी भंगारवाला येतोय माझ्याकडे, देऊन टाक."

"आणि माझं पठार?"

"पठार देतील दुसऱ्या कुणाला तरी. तू खाली दवाखान्यात बस, पंख्याखाली. काय वाईट आहे?"

बाईंनी माझ्या मडगार्डवर हात ठेवला. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "पॅकिंग मी बदलतो."

भाऊ वळून बघतच राहिला. "दाजी, हे घड्याळ नाही!"

"माहितीये. घड्याळ एवढं घाण नसतं."

"बरं! गुरुवारी मी स्वतः मागच्या फळीवर बसून येतो. ही घाट चढली तर भंगारवाल्याला नको म्हणून सांगेन. नाही चढली तर शुक्रवारी भंगार. कबूल?"

"कबूल," घड्याळजी म्हणाले.

आता पॅकिंग म्हणजे काय, ते सांगते. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं जड झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. आग, पाणी आणि तेल या तिघांना तो एकमेकांच्या अंगावर जाऊ देत नाही. तो फाटला की घरात भांडणच भांडण.

घड्याळजींनी काम असं केलं की मी थक्क झाले. एका पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांनी माझा एकेक बोल्ट त्याच्या जागेप्रमाणे खोचून ठेवला. हेड उतरवून त्यांनी आणि बाईंनी ते टेबलावर आणलं. मग डोळ्याला भिंग लावून ते त्यावर असे वाकले, जणू मी कुणा राणीचं मनगटी घड्याळच होते. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडला. सरळ पट्टी ठेवून हेड वाकलंय का ते पाहिलं. नव्हतं वाकलं. इतक्या वर्षांत एवढ्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

मंगळवारी मला सुरू केलं. आधी वाटलं, जमलं! पण बाजारामागच्या चढावर हेडच्या कडेतून फुस्स करून पाणी आलं. भाऊ तिथंच उभा होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

घड्याळजी घरी येऊन पायरीवर बसले. चेहरा एवढासा झाला होता. बाई शेजारी बसल्या.

"अहो, बोल्ट किती आवळलेत?"

"बेताने. जास्त पिळला की आटा जातो. स्क्रू जिथं थांबतो तिथं आपण थांबावं."

"हे तुमच्या घड्याळात. अडलेलं वासरू ओढताना मी बेताने ओढलं, तर गाय जाईल आणि वासरूही जाईल. तिथं पाय रोवावे लागतात. ती हंबरते, तरी सोडायचं नाही."

"आणि काही तुटलं तर?"

"म्हणून तर माप असतं. धाकट्याच्या गॅरेजमधून तो मापाचा पाना आणा."

"त्याच्याकडे मागू? आत्ताच हसला ना तो?"

"हसू दे. मागा."

गेले बिचारे, मान खाली घालून. पाना आला, दुसरं पॅकिंग आलं. बुधवारी त्यांनी मला पुन्हा उघडलं. या खेपेला बाह्या वर, पाय रोवलेले. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेर बाहेर, एक फेरी, दुसरी फेरी. ठरलेला जोर पुरा झाला की पाना टक् करायचा. तिसऱ्या फेरीला त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. मी करकरले, ओरडले. त्यांनी सोडलं नाही. शेवटचा टक् झाला आणि मला आतून असं घट्ट, धडधाकट वाटलं, की काय सांगू! पुन्हा तरुण झाले मी.

गुरुवारी बाई चालवायला, शेजारी घड्याळजी, मागच्या फळीवर शब्दाला जागून भाऊ. चौथं वळण गेलं. सहावं गेलं. सातव्यावर तिघांचे डोळे माझ्या काट्यावर! काटा मध्ये बसला तो बसलाच. काय बिशाद होती हलायची! आठ, नऊ, दहा, अकरा, आणि आम्ही वर! मी असा हॉर्न दिला की पठारावरची गुरं उधळली.

भावाने बॉनेट उघडून हेडच्या कडेने बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत. त्याने तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला, "उद्या येऊ नका. नाही हो, विकली नाही. गाडी कामावर आहे."

घड्याळजी मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. समोर जनावरांची लांबच लांब रांग लागली होती. बाई एकेकाला थोपटत, दटावत लस टोचत होत्या आणि माणसं त्यांच्या नुसत्या इशाऱ्यावर धावत होती. दुकान होतं तोवर घड्याळजींना गुरुवारी कधी सवडच झाली नव्हती, आणि ते बंद झाल्यावर त्यांनी खिडकी सोडली नव्हती. वीस वर्षांत ते प्रथमच वर आले होते.

"अगं," ते हळूच म्हणाले, "तू हे सगळं करतेस? मला काही ठाऊकच नव्हतं."

"मग आता येत जा," बाई सुई भरता भरता म्हणाल्या. "दोर धरायला माणूस लागतोच मला."

तर मंडळी, तुमच्याही दारात एखादी म्हातारी गाडी खोकत असेल, तर तिला भंगारात घालायची घाई करू नका. आधी तिचं काय दुखतंय ते बघा. बाकीच्या गप्पा पुन्हा कधीतरी. आता जरा बाजूला सरका बघू. आज गुरुवार आहे, आणि आम्हा तिघांना वर जायचंय.