फळ्यावरचं रुपीबाईचं नाव

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नाही हं. शाळेच्या फळ्यावर गुरुजींचं काही चुकलं तर मागच्या बाकावरचं कोणीतरी हात वर करतं. मी ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फळा. माझ्यावर चुकीचं लिहिलं तर गाव हसतं आणि पुढे निघून जातं.

माझा जन्म दिग्रसचा. तिथली कापसाची एक जिनिंग गिरणी बंद पडली आणि तिच्या मोठ्या दाराच्या सागवानी फळ्या विकायला निघाल्या. एका सुताराने त्या रंधून जोडल्या, काळा रंग दिला आणि माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगाने 'सूचना फलक' लिहिलं. मग एसटीच्या टपावर बसून मी महागाव तालुक्यातल्या या गावात आलो. दार होतो तेव्हा मी कापसाचे सौदे पाहिले होते. तोंडाने एक भाव बोलायचा आणि रुमालाखाली बोटांनी दुसराच सांगायचा. त्यामुळे संशय माझ्या लाकडातच मुरलेला आहे. कोणी खडू हातात घेतला की मी आधी त्याचा चेहरा बघतो, अक्षर नंतर.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मला हळदकुंकू लागलं. रोज सकाळी पंचायतीचा शिपाई उकंडा मला ओल्या फडक्याने पुसायचा आणि त्याच्या गोल गोल अक्षरांत लिहायचा. लसीकरण कधी, ग्रामसभा कधी, नळाला पाणी कधी येणार. लोक थांबून वाचायचे.

पण हळूहळू माझ्यावर भलतंच यायला लागलं. 'नाल्यावरील बंधारा पूर्ण' असं लिहिलं, तेव्हा बंधाऱ्याची रेती माझ्यासमोर पडलेली होती आणि तिच्यावर कुत्री झोपली होती. 'स्वच्छता अभियान यशस्वी' लिहिलं, त्या सकाळी झाडलेल्या अंगणात आधी पाला पसरला गेला होता, म्हणजे पाहुण्यांना फोटोपुरतं काहीतरी झाडता यावं. आणि 'आपले गाव हागणदारीमुक्त' असं सुंदर अक्षरांत लिहून उकंडाने खडू ठेवला, टमरेल उचललं आणि तो नाल्याकडे चालू लागला. मी काय बोलणार? जेवढं माझ्यावर लिहितात, तेवढंच मला बोलता येतं.

मग लोकांनी माझ्याकडे बघणं सोडलं. माझ्या कोपऱ्यात मुंग्यांनी घर केलं. कोणी काही खोटं बोललं की दुसरा म्हणायचा, "काय गा, फळ्यावरचं वाचून राह्यला का?"

त्यातच बोंडअळीचं साल आलं. बाहेरून बोंड टवटवीत आणि फोडलं की आत गुलाबी अळी. त्या साली माणसांनाही तीच नजर लागली. बियाण्याच्या पाकिटावर संशय, औषधाच्या बाटलीवर संशय, शेजाऱ्याच्या हसण्यावरसुद्धा संशय. कोणी नमस्कार केला तरी लोक विचार करायचे, आज याने नमस्कार काहून केला?

अशा दिवसांत पंचायतीने झाडं लावायचं ठरवलं. शाळेपासून नाल्यापर्यंत रस्त्याच्या कडेने कडुनिंब आणि करंज. सरपंच होत्या इंदुताई. म्हणजे कागदावर त्या होत्या. खुर्चीवर त्यांचे यजमान पंजाबराव बसायचे आणि इंदुताई बाहेर माझ्याखालच्या पायरीवर. सहीची वेळ आली की आतून हाक यायची. रिकाम्या बसण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी माझ्याखाली सदाफुलीची रांग लावली होती. मला ती फार आवडायची. सबंध पंचायतीत दिलेला शब्द पाळणारी तेवढीच. रोज फुलायची.

झाडांना पाणी घालायला पंजाबरावांनी आपला निळा ड्रम पंचायतीला भेट दिला. काय तो थाट! झेंडूचा हार आणला होता. तो कोणाला घालायचा यावर थोडा घोळ झाला आणि शेवटी तो ड्रमलाच घातला. माझ्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'श्री. पंजाबराव यांचेकडून वृक्षसंवर्धनासाठी ड्रम भेट.' ड्रम माझ्या शेजारी नळाखाली उभा राहिला.

दिलेली वस्तू खरं तर दिलेली असते. पण पंजाबरावांचा गडी दर थोड्या दिवसांनी ट्रॅक्टर घेऊन यायचा आणि म्हणायचा, "उकंडाबुवा, भाऊनं ड्रम मांगतला. वावरात काम हाय. संध्याकाळी आणून देतो." उकंडा द्यायचा. भाऊंचाच तर ड्रम. संध्याकाळी तो परत यायचा. उकंडा नळ सोडायचा, सकाळी बादल्या भरभरून झाडांना पाणी घालायचा. कधी चुकला नाही, एवढं मी माझ्या संशयी डोळ्यांनी सांगतो.

तरीही झाडं पिवळी पडू लागली. आधी शेंडे वाकले, मग एकेक झाड उभ्या उभ्या वाळलं. तालुक्याहून साहेब बघायला येणार होते. पंजाबराव चिडले. आता कोणाचं तरी नाव पाहिजे होतं, आणि नाव सापडायला वेळ लागला नाही.

तांड्यावरच्या रुपीबाईच्या शेळ्या त्याच रस्त्याने चरायला जायच्या. रुपीबाई एकटी बाई. त्या शेळ्यांवरच तिचं घर चालायचं. पंजाबरावांनी गड्यांना सांगून तिच्या शेळ्या कोंडवाड्यात घातल्या आणि उकंडाच्या हातात खडू दिला. त्याने खडू टेकवला नाही. "भाऊ, म्या पायल्या नाई बकऱ्या झाडं खाताना," म्हणाला.

"मंग झाडं का मीनं खाल्ले? लिव."

आणि माझ्यावर आलं, 'रुपीबाई हिच्या शेळ्यांनी शासकीय झाडांचे नुकसान केले आहे. तरी तिच्या शेळ्यांना गावशिवारात कायमची चराईबंदी करण्याचा निर्णय ग्रामसभेत घेण्यात येईल.'

आता गंमत बघा मित्रांनो. गंमत कसली, मला अजून राग येतो. ज्या गावाने इतकी वर्षं माझ्या एका ओळीवर विश्वास ठेवला नाही, त्या गावाने या ओळीवर लगेच ठेवला. कोणी नाल्यापर्यंत जाऊन झाडं बघितली नाहीत. दुसऱ्याची बदनामी होती ना, मग फळा खरा झाला.

रुपीबाईला वाचता येत नव्हतं. तांड्यावरच्या पोरींनी शाळेतून घरी जाऊन तिला सांगितलं. ती तशीच ओढणी खोचून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"यातलं माह्यं नाव कोनतं?" तिने उकंडाला विचारलं.

उकंडाने मान खाली घालून बोट ठेवलं. तिने ती अक्षरं बराच वेळ पाहिली, एखाद्या माणसाला ओळखून ठेवावं तशी.

"आजवर माह्यं नाव कोठंच लिवलं नव्हतं कोनं," ती म्हणाली. "लिवलं त चोर म्हनून लिवलं."

पारावरून कोणीतरी टोमणा मारला, "बकऱ्या सांभाळाव्या न मंग, बाई. सरकारी झाडं गोड लागते का?"

"माह्या बकऱ्यायनं खाल्लं असतं त पान ठेवलं असतं का?" रुपीबाई वळून म्हणाली. "झाडावर पानं तशीच वाळून हायेत. जाऊन पाहा ना. का पाय दुखते तुमचे?"

पारावरचे सगळे हसले, पण जाऊन कोणी बघितलं नाही. पायरीवर बसलेल्या इंदुताई मात्र हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सदाफुलीपाशी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. नळाजवळची सदाफुलीची रोपं पिवळी पडली होती, शेंडे खाली लोंबत होते. अगदी कडुनिंबासारखे. त्या रोज त्याच ड्रममधून तांब्या भरून पाणी घालायच्या. रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत ते पाणी पोचायचं नाही. तिथली सदाफुली छान हिरवी होती, फुललेली होती.

सदाफुलीला शेळी तोंड लावत नाही. हे आमच्या गावात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. इतकी कडू असते ती.

इंदुताईंनी ड्रममध्ये डोकं घातलं आणि लगेच पदर नाकाला लावला.

"उकंडाबुवा, ड्रम वावरात कायले जाते?"

उकंडा फडकं पिळत राहिला. "ताई, आता मले कायले इचारता."

"तुमालेच इचारून राह्यली. आतल्या खुर्चीले नाई इचारत."

"तणनाशक कालवते त्यात," तो हळूच म्हणाला. "धुऱ्यावरच्या गवतावर मारायले. मी धुतो ताई, पन तळाचं काही निघत नाई. मले वाटलं, थेंबभरानं काय होते. आपन सारेच त्या डब्यायनं पानी भरतो."

हे मात्र खरं होतं. आमच्या कापसाच्या गावात औषधाचा डबा रिकामा झाला की त्याची बादली होते, ड्रम रिकामा झाला की त्याची टाकी. अख्खं गाव असंच करतं, म्हणून कोणाला काही वावगं दिसलंच नाही. उकंडाचा चेहरा पडला. आता खापर आपल्यावर फुटणार, हा संशय त्याला आला होता आणि मलाही आला होता. माझा संशय इंदुताईंवरही होता. घरातला माणूस आहे, या गप्प बसतील.

ग्रामसभा माझ्यासमोरच भरली. कधी नव्हे ती भरगच्च. पंजाबराव चराईबंदीचा ठराव वाचायला उभे राहिले तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "आधी मी बोलते."

सगळ्यांनी पायरीकडे बघितलं, जणू भिंतच बोलली. इंदुताईंनी सदाफुलीचं सांगितलं, ड्रमचं सांगितलं, ट्रॅक्टरचंही सांगितलं. सगळं सांगून होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

पंजाबराव हसून म्हणाले, "घरचं घरी बोलू ना वो."

"ड्रम घरचा असता त घरी बोलली असती. तो तुमी गावाले देल्ला. हार घातला त्याले."

सभेत खसखस पिकली. तरी एकजण म्हणाला, "बकरीचं काय सांगता येते? भुकेली असली त सदाफुलीबी खाईन." दुसऱ्याने मान डोलावली. विश्वास ठेवायचा नाही म्हटल्यावर माणसाला किती सुचतं!

रुपीबाई उठली. "हायेत न भुकेल्या. कोंडून ठेवल्या तुमीनं. सोडा आन पाहा."

कोंडवाड्याचं दार उघडलं. शेळ्या सुसाट आल्या. एकीने सभेसाठी बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण ओढलं. एकीने टेबलावरचा झेंडूचा हार खाल्ला आणि मग पंजाबरावांच्या हातातला ठराव हुंगला. मधली तांबडी शेळी हिरव्या सदाफुलीपाशी गेली, वास घेतला, शिंकली आणि परत फिरून तोरणाला भिडली.

हसण्याचा असा लोट उठला की माझ्या कोपऱ्यातल्या मुंग्यासुद्धा बाहेर आल्या असतील. पंजाबराव हसले नाहीत. पण माणूस हिशेबी. "चला, झालं ते झालं," म्हणाले. "घेऊन जाय बाई तुह्या बकऱ्या. उकंडा, फळा पूस."

उकंडा ओलं फडकं घेऊन आला. रुपीबाई माझ्यापुढे आडवी उभी राहिली.

"पुसू नका."

"आता काय पायजे तुले?" पंजाबराव म्हणाले.

"पुसलं त लोकायच्या डोक्यातलं कसं पुसान? मले लिवून चोर म्हनलं. आता लिवूनच सांगा."

"असं कोनी लिवत नाई. पंचायत आपली चूक लिवत असते का कुठं?"

हे मात्र ते खरं बोलले. इतक्या वर्षांत माझ्यावर पंचायतीची चूक कधीच आली नव्हती. खडू उकंडाच्या हातात होता आणि उकंडा पंजाबरावांकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. शेळ्या सुटल्या, एवढंच पदरात पडणार.

इंदुताईंनी उकंडाच्या हातातून खडू घेतला. माझ्यावर त्यांचा हात पहिल्यांदाच लागत होता. अक्षर वाकडंतिकडं, ओळ चढत गेलेली. रुपीबाईचं नाव त्यांनी पुसलं नाही. त्याच्या खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वरील मजकूर खोटा आहे. रुपीबाई यांच्या शेळ्यांनी झाडे खाल्ली नाहीत. तणनाशकाच्या ड्रमातील पाणी घातल्यामुळे झाडे मेली. चूक पंचायतीची आहे.' आणि खाली स्वतःची सही केली. आतून हाक न येता केलेली ती त्यांची पहिली सही.

पंजाबराव ट्रॅक्टरकडे गेले. या वेळी ड्रम नेला तो परत आला नाही.

सभा पांगली. रुपीबाई मात्र हलली नाही. तिने उकंडाला विचारलं, "काय लिवलं? वाच." त्याने वाचलं. तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. उकंडा गेल्यावर तिने शाळेच्या गणवेशातल्या एका पोरीला थांबवलं. "पोरी, एवढं वाच बरं." पोरीने वाचलं. मग पुसदच्या गाडीची वाट बघणारा एक परका माणूस दिसला. त्याला बोलावून आणलं. त्याला कोणाचंच काही घेणंदेणं नव्हतं. त्यानेही तेच वाचलं, तंतोतंत.

तेव्हा कुठे ती हसली, शेळ्यांना हाक दिली आणि तांड्याच्या वाटेला लागली.

मित्रांनो, मला तिचा अजिबात राग आला नाही. माझ्यासारख्या फळ्यावर कोणी एका दमात विश्वास ठेवावा, असं मी काय केलं होतं? माझी लाकडं आता भुसभुशीत झाली आहेत, रंग उडाला आहे, आणि झाडं लावायची नवी सूचना माझ्यावर आली की मी अजूनही आधी लिहिणाऱ्याचा चेहरा बघतो. तुम्हीही बघा. वाचून नुसते हसून पुढे जाऊ नका. ज्या जागेबद्दल लिहिलंय तिथे एकदा चालत जाऊन या. आणि उद्या तुमच्या हातात खडू आला, तर कोणाचं नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा. विचारायला पायरीवरून उतरावं लागतं, तेवढे कष्ट घ्या. मला नवा रंग नाही दिला तरी चालेल.