आजीला बाहेर बसवणारी शाळा

बाईला वागायची रीत म्हणून नव्हती. जिला विचारल्याशिवाय घरात भिंतीला खिळा ठोकायची कुणाची छाती नव्हती, त्या आजीला तिने खुशाल खोलीबाहेर काढलं. वर हसून! "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

"पाहिलंस?" बाकावर टेकता टेकता आजी सुनेला म्हणाली. "पायात चप्पल नाही, केसांना फणी माहीत नाही, आणि ही म्हणे मुख्य बाई!"

"आई, हळू. आत ऐकू जातं."

"जाऊ दे की. ऐकावं म्हणूनच बोलतेय."

सुनेचा जीव आधीच टांगणीला लागला होता. भिंगरीसाठी बघायची राहिलेली ही शेवटची शाळा. इथेही सासूबाईंनी नाक मुरडलं, की पोर घरीच राहणार.

भिंगरी म्हणजे आजीची सात वर्षांची नात. हाताला लागेल ते गरागरा फिरवायची, काही नाहीच मिळालं तर स्वतः फिरायची. बोलत नव्हती. डॉक्टरांनी 'स्वमग्न' हा शब्द सांगितला तेव्हा आजी फणकारली होती, "स्वतःतच मग्न ना? मग आमच्या घरातले सगळे पुरुष आणा तपासायला!"

शाळा मात्र एकही तिच्या पसंतीला उतरेना. एका ठिकाणी घंटा अशी कर्कश, की भिंगरी कान दाबून टेबलाखाली शिरली. आजी घंटा वाजवणाऱ्यालाच टेबलाखाली कोंबायला निघाली. दुसरीकडे मुलं हाताची घडी घालून ओळीने बसलेली. "ही पोरं आहेत की वाळत घातलेले मोजे?" असं विचारून आजी तिथून उठली. तिसरी शाळा बरी होती. पण तिथल्या बाईंनी भिंगरीला नाव विचारलं, आजीने सांगितलं, आवडता रंग विचारला, आजीने सांगितला, शेवटी त्या म्हणाल्या, "प्रवेश नक्की कुणाला हवाय?" ती शाळा आजीने जागच्या जागी नापास केली.

आज इथेही तेच झालं. बाईंनी विचारलं, "काय आवडतं गं तुला?" आणि आजी म्हणाली, "झाकणं!" म्हणाली नुसती नाही, पिशवीतून डब्याचं झाकण काढून पोरीपुढे धरलंसुद्धा. बाईंनी ते मधल्यामधे घेतलं, "छान आहे हो," म्हणाल्या, आणि आजीला दार दाखवलं.

दाराला काच होती. आजी उठून काचेला नाक लावून उभी राहिली.

बाईंनी ते झाकण एका पारदर्शक बरणीत टाकलं, बरणी घट्ट बंद करून भिंगरीला दिली आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"अगं, छळतेय ती पोरीला!" आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भिंगरीने बरणी हलवली. चावून पाहिली. आपटली. तिचा ओठ थरथरला. आजीचा हात दाराच्या मुठीवर गेला, तो सुनेने धरला. आत बाईंनी फक्त तळहात पुढे केला आणि काही न बोलता वाट बघत राहिल्या. पोर भोकाड पसरणार इतक्यात तिने ती बरणी उचलली, बाईंच्या हातावर ठेवली, वरून दाबली आणि म्हणाली, "ऊं!"

बाईंनी झटकन बरणी उघडून दिली. झाकण फरशीवर गरगरलं. ते पडल्यावर भिंगरीने स्वतःच ते बरणीत टाकलं आणि बरणी पुन्हा पुढे केली.

सून डोळे पुसत हसली. "आई, तिने मागितलं!"

"दिसतंय मला," आजी पुटपुटली. "एवढी वर्षं न मागता हातात दिलं ते मी. आणि मागितलं कुणाकडे, तर ह्या अनवाणी बयेकडे!"

दार उघडलं. बरणी कवटाळून भिंगरी बाहेर आली. झाकण बंद बरणीतच होतं. आजीची बोटं वळवळली. पण बाकावर बसून तिने एक हात मांडीखाली दाबला, दुसरा पुढे केला, आणि जन्मात जे जमलं नव्हतं ते केलं: गप्प बसली.

भिंगरीने एक गिरकी घेतली. मग दुसरी. सुनेला वाटलं, झालं, आता सासूबाईंचा बांध फुटतो. तेवढ्यात बरणी आजीच्या हातावर आदळली. "ऊं!"

आजीने बरणी पिळली. उघडेना. काखेत धरून पिळली, ढिम्म हलेना. भिंगरी टक लावून बघत होती. आजी घामाघूम झाली.

मुख्य बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हसत फक्त तळहात पुढे केला आणि थांबल्या.

आजीने त्या हाताकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. कुणाकडे काही मागायची तिला सवय नव्हती. अखेर तिने बरणी त्या हातावर ठेवली. तोंडातून निघालं, "हं."

बरणी उघडली. झाकण बाकासमोर गरगरायला लागलं आणि भिंगरी त्याच्याभोवती.

"आजी, मग काय ठरवलंत?" बाईंनी विचारलं.

"ठरवलं म्हणजे काय ते ऐक," आजी उठून उभी राहिली. "तुला वागायची रीत नाही, मोठ्यांचा मान नाही, आणि बरण्या तू माणसाशी वैर असल्यासारख्या बंद करतेस. पोर उद्यापासून येईल. आणि ह्या बाकावर एक उशी ठेव, मी रोज बाहेर बसणार आहे!"