शेकरू, कस्तूर आणि तिसरं फूल

शेखरचा चेहरा एवढा भाविक दिसला, तेव्हाच चंद्राबाईच्या मनात पाल चुकचुकली.

घोटावड्याच्या वरच्या अंगाला देवराई. तिच्यातून बंगल्यांच्या प्लॉटकडे रस्ता न्यायचा होता. वरून नेला तर शेकरूच्या घरट्याचा आंबा तुटणार. खालून नेला तर ओढा बुजणार आणि कपारीतल्या कस्तूर पाखराचं घर जाणार. कुणाला उठवायचं, याचा देवालाच कौल लावायचा ठरलं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं फुलं चिकटवायची. ज्याचं आधी पडेल, त्याला उठवायला देवाचा होकार. उजवं शेकरूचं, डावं कस्तुराचं.

"शेकरू कसं राजबिंडं! कस्तूर नुसतं काळं," वाल्मीक गुरव म्हणाला.

"आन् शीळ?" शारदा फणकारली. "टपोरी पोरगा समजून माज्या सुनंनं दोनदा चप्पल हाणली!"

चंद्राबाईला दोन्ही हवी होती. तिच्या गप्पांतलं शेकरू एका उडीत उरवड्याचा कारखाना ओलांडायचं. कुणी शंका घेतली, की ती कारखाना दाखवायची.

मानकरी म्हणून फुलं शेखरनं लावली. ओढ्याकडची जमीन त्याचीच. रस्ता तिथून गेला की तिचं सोनं होणार. फुलं लावून तो बाजूला झाला आणि हळूच बोटांना खोबरेल चोळू लागला.

पाण्यानं फुलं लावणाऱ्याला खोबरेल कशाला? फणसाचा चीक काढायलाच की! म्हणजे उजवं फूल आता जन्मात पडायचं नव्हतं. डावं तर हलायलाही लागलं होतं. पण चालू कौलातलं फूल उपटून बघणं म्हणजे देवाच्या अंगावर हात टाकणं.

"थांबा," चंद्राबाई उठली. "तिसरं फूल ऱ्हायलं."

"कसलं तिसरं, काकी?" शेखरनं विचारलं.

"रस्ताच नको, ह्याचं. देवाला न्हाई म्हनायची सोय नको व्हय?"

वाल्मीकनं मान डोलावली. तिनं मूर्तीच्या कपाळाला फूल टेकवलं. टेकवलं तसं ते घरंगळलं. बायांनी हात जोडले.

"पानी तरी लावलंत का त्याला?" शेखर ओरडला.

"शंका हाय? मग समदी फुलं सोडवून बघू. तुज्या उजव्यापासनं."

शेखरनं मूर्तीकडे पाहिलं, मग आपल्या तेलकट बोटांकडे.

"नको," तो पुटपुटला. "देवाचा शब्द हाय तो."

चंद्राबाईनं दंडवत घातला. पण एक डोळा शेखरवर ठेवून.