अकरा हजार किलोमीटर

तिकीट ऑफिसातल्या मावशीला जगभरातली विमानतळं तोंडपाठ होती. बावीस वर्षं एकाच टेबलामागे बसून तिने माणसं साता समुद्रापार धाडली. स्वतः मात्र कधी विमानाची पायरी चढली नाही. आईमागे जिने तिला वाढवलं ती थोरली बहीण, अक्का, सहा वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला गेली, तेव्हा तिकीट हिनेच काढलं.

"किती लांब गं?" अक्काने विचारलं होतं.

"अकरा हजार किलोमीटर. चौदा तास. एक झोप काढलीस की पोचलीस. आणि मी येतेच आहे पुढच्या वर्षी."

ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. कधी रजा नाही, कधी सुट्ट्यांची गर्दी, कधी निव्वळ आळस.

मंगळवारी सकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, डॉक्टर फार तर दोन दिवस म्हणतात. आई सारखी दाराकडे बघते. तुझंच नाव घेते."

थेट विमान भरलेलं होतं. मिळालं ते वाटेत बदलायचं, एकूण बावीस तासांचं. मावशीने बोटांवर तास मोजले. जमत होतं. "अक्काला सांग, निघाले," म्हणत, जायचं म्हणून कधीचा काढून ठेवलेला पासपोर्ट-व्हिसा घेऊन ती नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली.

मधल्या विमानतळावर धुक्याने घात केला. एकही विमान उडेना. पाटीवरची वेळ आधी दोन तासांनी पुढे गेली, मग पाच, मग अकरा. मावशी काउंटरवरच्या मुलीपुढे हात जोडून उभी राहिली.

"बाळ, मीही याच धंद्यातली आहे. काहीतरी असतंच. बघ ना."

मुलीने खरंच बघितलं आणि मान हलवली. अशीच मान आपण कितीजणांपुढे हलवली असेल, असं मनात येऊन मावशी काउंटरवरून बाजूला झाली.

दुपारी भाचीने फोन अक्काच्या कानाला लावला. "अक्का, जेवलीस का?" एवढंच मावशीच्या तोंडून बाहेर पडलं. पलीकडून नुसती घरघर. मग ती बोलतच सुटली: चावणारी चप्पल, शेजारच्या बाईचं घोरणं, ऑफिसातला बिघडलेला पंखा. मध्येच भाचीचा आवाज आला, "मावशी, पुरे आता. गेली आई."

कधी गेली, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

विमान अखेर उडालं तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "अजून किती हो?"

"सात तास," ती सवयीने म्हणाली, आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली.

भाचीने दार उघडलं. अक्काच्या खोलीत गादी गुंडाळून ठेवलेली, पलंगाला लागून एक खुर्ची.

"परवापासून आईने ठेवायला लावली होती," भाची म्हणाली. "धाकटी दमून येईल, तिला बसायला."

मावशी जमिनीवर बसली. भाचीने दोनदा हात धरून उठवायला बघितलं, पण ती खुर्चीवर काही बसली नाही.