काढलेली ओळ

मला पगार कशाचा मिळतो हे सांगायची आता लाज वाटते. पुण्यात असताना मी मिक्सरची माहितीपत्रकं लिहायचे. ती कोणी वाचत नसे, आणि ते किती सुखाचं होतं हे मला बेंगळुरात येऊन कळलं. बेळ्ळंदूरच्या आमच्या कंपनीत एआय एजंट आपणहून कोड बदलतात. बदलण्याआधी त्या कोडची टेस्ट, म्हणजे बदल चुकला तर ते पकडणारी तपासणी, आहे का, हे शोधायला त्यांना एक टूल दिलंय. ते कसं वापरायचं, याचं डॉक्युमेंट मी लिहिते. एजंटसाठी. तो त्यातला शब्द न् शब्द वाचतो आणि सगळं खरं मानतो.

आमचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलातल्या सलाइनच्या पंपांवर चालतं. कुणाला किती औषध, किती वेगाने, हे ते ठरवतं. त्याच्या निम्म्या टेस्ट मथुराअक्कांनी लिहिल्यात. अक्का यशवंतपूरच्या, चार पिढ्या इथेच मुरलेल्या मराठी घरातल्या. एखाद्या वॉर्डातून तक्रार आली की त्या फोनवर नर्सचं सगळं ऐकून घेतात, तशी चूक पुन्हा पकडणारी टेस्ट लिहितात आणि तिला गावाचं न् वाराचं नाव देतात. रायचूर बुधवार. हासन रविवार.

"औषधाचं नाव का नाही देत?" मी एकदा विचारलं.

"औषध पन्नास ठिकाणी असतंय गं. रायचूरची ती नर्स फोनवर रडत होती, ते कोण विसरणार?"

टूल मात्र फक्त टेस्टची नावं बघतं. 'लहान मुलांचा डोस' असं शोधलं की अक्कांची एकही टेस्ट सापडत नाही. हे लक्षात आलं तेव्हा मी डॉक्युमेंटमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं: काही सापडलं नाही म्हणजे टेस्ट नाही, असं समजू नका. थांबा आणि माणसाला विचारा.

दुसऱ्याच दिवशी आमचा मॅनेजर हयवदन माझ्या टेबलाशी आला. त्याला बडीशेप चघळत बोलायची घाणेरडी सवय आहे.

"सुखदा, वो लाइन निकाल दो. एजंट हर पाँच मिनट में रुक रहा है. गुरुवार को डेमो है."

"पर टेस्ट हैं. टूल को दिखती नहीं, बस."

"टूल बाद में देखेंगे. अभी लिखो, नहीं मिली मतलब नहीं है, आगे बढ़ो."

बोलताना बडीशेपेचा एक ओला दाणा माझ्या कीबोर्डवर पडला. त्याने तो टिचकीने उडवला, मला "गुड" म्हणाला आणि गेला. मला शिसारी आली. दाण्याची कमी, त्याची जास्त.

आणि मी काय केलं? ओळ काढली. प्रोबेशन संपायला नऊ दिवस होते, आई फोनवर 'आता तरी टिक' म्हणत होती, वगैरे वगैरे. कारणं काय, कुणाकडेही असतात. तिच्या जागी लिहिलं, 'टेस्ट सापडली नाही तर ती नाही असे समजून पुढे जा.' वर हे वाक्य मी दोनदा घासूनपुसून सुटसुटीत केलं, कारण मला ओबडधोबड लिहवत नाही. ते आठवलं की अजून तोंड कडू होतं.

गुरुवारी मोठ्या खोलीत डेमो झाला. चेन्नईहून एका हॉस्पिटलचे लोक आले होते. काचा बंद असूनही बेळ्ळंदूरच्या घाण तळ्याचा वास आत येत होता आणि सगळे तो येतच नसल्यासारखे हसत होते. पडद्यावर एजंटने लहान मुलांच्या डोसचा कोड उघडला. टेस्ट शोधल्या. एकही सापडली नाही. 'टेस्ट नाहीत, पुढे जात आहे,' असं त्याने लिहिलं आणि वजनानुसार ठेवलेली डोसची कमाल मर्यादा 'अनावश्यक' म्हणून उडवून टाकली. चार मिनिटांत काम फत्ते. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मागच्या रांगेत मथुराअक्का उभ्या राहिल्या.

"त्याच्या अकरा टेस्ट आहेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आत्ता चालवा."

पाहुण्यांसमोर नाही म्हणता येईना. चालवल्या. अकराच्या अकरा नापास, पडदाभर लाल रेघा.

हयवदनने ताबडतोब चेहरा गंभीर केला. मी इतकं सराईत सोंग आजवर पाहिलं नव्हतं. "डॉक्युमेंटमध्ये त्रुटी राहिलेली दिसते," तो इंग्रजीतच पाहुण्यांना म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "सुखदा, तुला हे माहीत नव्हतं का?"

नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. नवीन मुलगी आहे, चुकली. पळवाट त्यानेच काढून दिली होती, आणि खरं सांगते, 'नाही' माझ्या ओठांवर आलंही होतं.

"माहीत होतं," मी म्हणाले. "लिहिलंही होतं. तुम्ही काढायला सांगितलंत, मी काढलं."

पाहुण्यांनी लॅपटॉप मिटायला सुरुवात केली. मला वाटलं, निदान अक्का तरी आता माझी पाठ थोपटतील. त्या पर्स उचलून माझ्यापाशी आल्या आणि मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या,

"त्याला यातलं स्वल्पसुद्धा कळत नाही गं. तुला सगळं कळत होतं."